दुपट्ट्याखालचा भाव

भाऊ,

तुमच्या शोकसभेत पुण्याच्या साहेबांनी पडद्यावरून तुमच्या ज्या शेवटच्या कामाचं कौतुक केलं, ते काम तुमचं नव्हतं. ते माझं होतं, आणि ते चुकीचं होतं. साहेब म्हणाले, "गजाननरावांनी अंथरुणावरूनही सप्टेंबरअखेरच्या जनावरांची किंमत काढून दिली. अशी माणसं आता मिळत नाहीत." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग साहेबांनी मलाच विचारलं, "प्रज्ञा, तुम्हीच गेला होतात ना त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "हो सर." एवढंच म्हटलं आणि खाली बसले. भिंतीवर तुमच्या ओळखपत्रावरचा तो फोटो मोठा करून लावला होता, ज्याला तुम्ही स्वतःच 'पोलीस ठाण्यातला फोटो' म्हणायचात. सभा संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. फुलं वाहायला रांग लागली तेव्हा मी फोन आल्याचं नाटक करून व्हरांड्यात गेले.

कागदावर तुम्ही आपल्या दुधाच्या आणि पैदाशीच्या कंपनीचे अकाउंट्स मॅनेजर आणि मी तुमची असिस्टंट. कागद बाजूला ठेवला तर तुम्ही माझं भांडायचं हक्काचं माणूस होता. आता मी कोणाशी भांडू? नव्या पोरांशी बोलायला गेलं तर ती "ओके मॅम" म्हणतात आणि विषय संपतो.

आपलं भांडण सुरू झालं ते पुण्याच्या मोठ्या कंपनीने आपले निम्म्याहून जास्त शेअर घेतले तेव्हा. त्यांच्या मागोमाग नवीन लेखा मानकं मानोरा रोडवरच्या आपल्या गोठ्यात शिरली. त्यांना लागू, म्हणून आपल्यालाही लागू. तोवर गाय ज्या किमतीला घेतली त्याच किमतीने हिशेबात उभी असायची, आणि घरच्या कालवडीला तर हिशेबात कोणी ओळखतही नव्हतं. आता दर तिमाहीला प्रत्येक जनावर आजच्या बाजारात कितीला जाईल ते काढायचं, त्यातून विकायचा खर्च वजा करायचा आणि ती किंमत मांडायची. वाढली तर नफा, घटली तर तोटा. फेअर व्हॅल्यू.

तुम्ही टेबलावर हात आपटला होता. "गाय आपल्याच गोठ्यात उभी हाये. कोनं घेतली नाही, कोनं विकली नाही. मंग नफा कोठून आला वं?"

"मानकात तसंच लिहिलं आहे भाऊ."

"मानकात लिहिलं म्हनून दूध वाढते काय?"

ते भांडण तुम्ही कधी हरला नाहीत आणि मी कधी जिंकले नाही. पण काम मात्र तुम्ही माझ्याहून मन लावून केलंत. इंग्रजी कलम मी मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही त्याचं वऱ्हाडी करून सांगायचात. फेअर व्हॅल्यूची व्याख्या मी घोकून पाठ केली होती. तुमची न घोकता पाठ झाली: "घेनारा राजी, इकनारा राजी. कोनाले घाई नाही, कोनाची मजबुरी नाही. तवा जो भाव ठरते, तो फेअर." मी विचारलं होतं, अशी वेळ बाजारात येते कधी? तुम्ही म्हणालात, "येत नाही. म्हनून तर कागदावर आनाव लागते."

टेम्पोचं भाडं विकण्याच्या खर्चात धरायचं की आधीच किमतीतून कापायचं, यावर आपण अख्खा दिवस घालवला होता. जेवणाचे डबे तसेच राहिले. शेवटी मानक तुमच्या बाजूने निघालं आणि तुम्ही सगळ्या ऑफिसला चहा पाजलात. आणि ती शिंगं उगारणारी जांभळी गाय! कोणत्याही व्यापाऱ्याला तिच्या किमतीचा अंदाज येईना, म्हणून तुम्ही तिचं नाव 'लेव्हल तीन' ठेवलंत. मानकात किमतीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत भाव उघड दिसतो, तिसरीत नुसता अंदाज. ऑडिटरच्या पोराला तुम्ही तिच्याजवळ नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "ह्या पाहा, लेव्हल तीन. जरा दुरूनच तपासा." ते पोरगं वाशीमहून परत जाईपर्यंत हसत होतं.

पण खरी अडचण तिथेच होती. आपल्या बाजारात भाव दिसतच नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, त्याच्याखाली दोघांचे हात जातात, बोटं धरली जातात, दाबली जातात, सोडली जातात. वर मात्र दोघंही पावसापाण्याच्या गप्पा करत असतात. सौदा झाला तरी शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. पावतीवर जो लिहितात तो वेगळाच. पुण्याचे साहेब विचारत होते, "मग आपल्याकडे पुरावा काय?" तुम्ही म्हणालात, "सायेब, आमच्या इकडं भाव दिसत नाही, हाताले लागते."

तुमचे वडील दलाल होते. बी.कॉम. व्हायच्या आधीपासून तुमचा हात त्या दुपट्ट्याखाली होता. दर बाजाराला तुम्ही जायचात, सौद्यात हात घालून यायचात आणि मला भाव सांगायचात. मी तो मांडायचे. आपली पद्धत तशी चोख होती.

पुराव्याच्या त्याच मीटिंगमध्ये साहेबांना मी एक वाक्य बोलून गेले. ते म्हणाले, ही बोटांची भाषा एकट्या गजाननरावांना येते, उद्या ते निवृत्त झाले तर? मी म्हटलं, "मलाही येते सर. मी धनजची आहे, जनावरांच्या बाजाराच्या गावची." साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या फाईलीत मी 'स्थानिक बाजाराची जाणकार' झाले. भाऊ, आमच्या घरी बैल कधी नव्हताच. बाबा पोस्टात होते. मी जनावरांच्या बाजाराच्या फाटकाबाहेर उभी राहून उसाचा रस प्यायलेली, एवढीच माझी त्या बाजाराशी ओळख. आणि कोणता दलाल बाईच्या हातात हात देऊन भाव सांगणार होता? हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तिथेच बसला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत.

नंतर जिन्यात म्हणालात, "शिकून घे न वं प्रज्ञा. चहा पेऊस्तवर होते. मी शिकवतो."

मी म्हटलं, "येते न मले, भाऊ."

"बरं," म्हणालात तुम्ही.

त्यानंतरही एकदोनदा तुम्ही विषय काढलात, आणि दर वेळी मी तो हसण्यावारी नेला. एकदा खोटं बोललं की त्याला जपावं लागतं, हे मला तुम्ही नाही शिकवलं, ते माझं मीच शिकले. पुण्याहून सी.ए. आणून तुमच्या जागी बसवायचं ठरत होतं, तेव्हा तुम्ही साहेबांना फोनवर सांगितलंत, "प्रज्ञाले बसवा. तिले सगळं येते." सगळं! मी दाराबाहेर होते, मी ऐकलं. तेव्हाच आत येऊन सांगायला हवं होतं. मला आनंद झाला, भाऊ. मी घरी जाताना पेढे घेतले.

मग तुमचा घसा. तो तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून मी किती भांडले, ते भांडणही तुम्ही हरला नाहीत. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ऑफिसातल्या सगळ्यांना तुमचा तो आवाज नको नको व्हायचा, आणि आता ऑफिस इतकं शांत असतं की प्रिंटरचाच आवाज येतो.

सप्टेंबरअखेर आली तेव्हा लम्पीच्या साथीमुळे जनावरांचे बाजार बंद होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं. बाजार बंद असला तर काय करायचं हेही मानकात आहे. जुना भाव उचलून लावायचा नाही. दुसऱ्या मार्गाने अंदाज करायचा, दुधाचं उत्पन्न धरायचं, कसा अंदाज केला ते सगळं लिहून दाखवायचं. किचकट काम, आणि आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. पुण्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी मनाशी म्हटलं, बाजार बंद असला तरी गोठ्यागोठ्यात सौदे होतच असतील, भाऊंना कुठून तरी कळलंच असेल. माझ्या मनाला हे पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

आणि मी तुमच्याकडे आले. पिशवीत मोसंबी होती, पण मी मोसंबी द्यायला आले नव्हते. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी, अंगाने अर्धे झालेले. निर्मलावहिनींनी मला खुर्ची दिली. वहिनींचे भाऊही तिथे बसलेले होते, जनावरांचे व्यापारी. मी "कसं वाटते भाऊ" असं विचारलं, पण तुमच्या मानेने उत्तर दिलं की नाही हे पाहायलाही थांबले नाही. लगेच म्हटलं, "भाऊ, दुसऱ्या वेताच्या गाईचा भाव पाहिजे होता. पुन्याले द्याचा हाये."

उशाशी पाटी होती. ती मी तुमच्यापुढे केली. तुम्ही डोळ्यांनी व्यापाऱ्याकडे खूण केलीत आणि पाटी बाजूला सारलीत. व्यापाऱ्यासमोर भाव उघडा करायचा नाही. मरणाच्या दारातही तुम्ही बाजाराची रीत सोडली नाहीत. तुम्ही उशीवरचा दुपट्टा ओढलात, माझ्या हातावर टाकलात आणि खालून माझा हात धरलात.

तुमचा हात गरम होता आणि हाडं लागत होती. तुम्ही माझी चार बोटं धरलीत. मग ती एकेक करून माझ्याच तळव्यात मिटवलीत. मूठ झाली. त्या मुठीवर तुम्ही तुमचा हात ठेवलात, एकदा दाबलात आणि सोडून दिलात. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात.

मी मान हलवली. समजल्यासारखी. तुम्ही अजून पाहत होता. मी आणखी एकदा हलवली आणि म्हटलं, "समजलं भाऊ." तेव्हा तुमच्या तोंडावर काहीतरी आलं. मला ते हसू वाटलं. मला वाटलं, पोरगी शिकली म्हणून हसताहेत.

गाडीत बसल्यावर मी बोटं मोजली. चार बोटं म्हणजे चार. मग मूठ, म्हणजे अख्खा हात, म्हणजे पाच. पंचेचाळीस हजार. मागच्या तिमाहीपेक्षा थोडा जास्त, कुणाला खटकणार नाही असा. किती सोयीचा आकडा! चुकीचा आकडा इतका सोयीचा नसता तर कदाचित मी परत फिरले असते. मी तो मांडला, आणि खाली लिहिलं, स्रोत: गजाननराव, प्रत्यक्ष बाजारमाहितीवरून. त्या आकड्याने आपली तिमाही तारली. पुण्याहून शाबासकीचा मेल आला. त्यात तुमचं नाव होतं आणि माझंही.

मी तुमच्याकडे आले त्याच रात्री तुम्हाला धाप लागली आणि अकोल्याला हलवलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी एकदा येऊन काचेतून पाहून गेले. नंतर तिमाहीच्या कामात होते, असं मी सगळ्यांना सांगत असते.

तेरवी झाल्यावर, परवा, वहिनींकडे गेले. कंपनीकडून मिळायच्या पैशांच्या कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या. पुन्हा मी कामासाठीच आले होते, बघा. वहिनींनी सह्या केल्या, चहा ठेवला आणि तुमच्याबद्दल बोलत बसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही पाणी मागायचा बहाणा करून त्यांच्या पदराखाली हात घालायचात आणि बाजाराला किती पैसे नेऊ ते बोटांनी विचारायचात. वहिनी व्यापाऱ्याची लेक, त्याही बोटांनीच घासाघीस करायच्या. "मायबाई, एकदा तं सासूबाई म्हने, पानी द्याले येवढा येळ काहून लागते?" हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

मला काय झालं कोण जाणे. मी त्यांचा हात घेतला, पदर ओढून वर टाकला आणि तुम्ही केलं होतं तसंच केलं. चार बोटं धरली, एकेक मिटवली, मूठ केली, वरून दाबलं, सोडलं.

"हे कितीचं होते, वयनी?"

"हे कितीचं नाही होत." वहिनींनी डोळे पुसले. "बोटं मिटवून आपलीच मूठ आपल्याले वापस देल्ली, म्हनजे सौदाच नाही. बाजार बंद हाये, घरी जा. कोनं शिकवलं तुले हे?"

"भाऊंनी. त्या दिवशी. मी भाव विचाराले आली होती तवा. मी समजलं म्हनून मान हालवली."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला राग चालला असता.

"मंग तू मान कायले हालवली?"

भाऊ, मी अर्धं आयुष्य माना हलवत आले आहे. शाळेत, कॉलेजात, पुण्याच्या मीटिंगमध्ये. समजलं नाही म्हटलं की आपल्यासारख्याला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, अशी भीती मनात कधी बसली ते आठवतही नाही. पण ती भीती तुमच्यासमोर कशाला हवी होती? मला न समजलेलं दहा-दहा वेळा सांगणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्यासमोर मान हलवली.

मग वहिनींनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायचं आहे. मी खोलीतून बाहेर पडले आणि तुम्ही पाटी उचलून पलंगाच्या दांडीवर आपटायला लागलात. वहिनी चहाचे कप ठेवून आल्या. तुम्ही दाराकडे बोट करत होता, तिले बोलाव, तिले बोलाव. वहिनी फाटकापर्यंत धावत आल्या. "तुयी गाडी वळून गेल्ली होती. मी त्यायले म्हनलं, फोन करते मंग. त्यायनं पाटीवर लिवलं, तिले समजलं नाही. मले वाटलं असंन काही हाफिसातलं. अन् मंग रात्री त्यायची तब्येत अशी झाली की फोन राहूनच गेला. माहं बी चुकलंच, बाई."

त्यांचं काही चुकलं नाही. ते हसू नव्हतं, भाऊ. तुमच्या तोंडावर जे आलं ते हसू नव्हतं. तुम्ही ओळखलं होतं. तुम्ही जिन्यातही ओळखलं होतं, आणि त्या मीटिंगमध्येही. इतके दिवस तुम्ही मला पाठीशी घातलंत, आणि ज्या दिवशी मला परत बोलवायचं होतं त्या दिवशी तुम्हाला आवाज नव्हता.

तुम्ही आयुष्यभर एका गोष्टीची लाज बाळगलीत, जे नाही ते आहे म्हणून मांडण्याची. गोठ्यातल्या गाईचा नफा मांडतानाही तुमचा जीव कासावीस व्हायचा. आणि तुमचं शेवटचं सांगणं 'भाव नाही' असं होतं, त्याच्यावर मी तुमचं नाव घालून पंचेचाळीस हजार लिहिलं. त्यासाठी लोकांनी तुमच्या फोटोला फुलं वाहिली. हे तसंच राहिलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. म्हणूनच ते राहू देणं जमेना.

वहिनी निघताना म्हणाल्या, "ये एखाद्या दिवशी. शिकवते तुले. चहा पेऊस्तवर होते." अगदी तुमचे शब्द. मी पायऱ्यांवरच रडले.

आज सकाळी मी ऑडिटरला मेल केला, साहेबांना प्रत टाकली. लिहिलं की सप्टेंबरअखेरच्या जनावरांच्या किमतीला आधार नाही, ती पुन्हा काढावी लागेल, नफा उलटा फिरवावा लागेल, आणि स्रोत म्हणून गजाननरावांचं नाव काढून टाकावं. तुमच्या खुर्चीवर आता मी बसते की आणखी कोणी, ते पुणं ठरवेल. 'लेव्हल तीन' मात्र ठीक आहे. काल तिने गुरांच्या नव्या डॉक्टरला भिंतीपर्यंत नेलं.

दुपारी ऑडिटरचं उलट उत्तर आलं. एकच ओळ होती. मग गजाननरावांनी नेमकी किती किंमत सांगितली होती?

मी लिहिलं, "त्यांनी किंमत सांगितली नव्हती. बाजार बंद आहे, असं सांगितलं होतं. मला ते समजलं नाही, आणि समजलं नाही हे मी त्यांना सांगितलं नाही."